गोंदणावरची हळद

— नाही हो गुरुजी, राग कसला? चिंतामणी भावजींनी पाठवलं म्हणून तुम्ही आलात, तुमचं काम तुम्ही करताय, त्यात राग धरण्यासारखं काय आहे. बसा. तो पाट नको, पाटावर लक्ष्मी बसलीय — मार्गशीर्षातला गुरुवार आहे ना आज — खुर्चीवर बसा. चहा घ्या आधी. साखर बरोबर आहे? हल्ली माझा हात जरा सैल पडतो साखरेला. — हो, मी पण घेतेय. गोडच. असं काय बघताय? आठवतंय तुम्हाला, आठवणारच, तुमच्या वडिलांसमोरच बोलले होते मी देवीला, हे घरी येईपर्यंत गोड तोंडात घालणार नाही म्हणून. हळदीकुंकवाचे पेढेसुद्धा पदराला बांधून आणले इतकी वर्षं आणि लेकीला दिले. मग आता का घेतेय — घेतेय. थंडी पडलीय, घशाला बरं वाटतं. प्या तुम्ही, गार होतोय.

आणि अमावास्येच्या विधीची ती सामानाची यादी खिशातच राहू द्या. वाचून दाखवलीत, ऐकली मी. पळसाच्या काड्यांची हाडं करायची, दर्भाने बांधायची, डोक्याच्या जागी नारळ, वरून नवं धोतर — धोतर कधी नेसले हो ते? आयुष्यभर खाकी पँट आणि मागच्या खिशात पाना. तुमच्या त्या पुतळ्याला मी ओळखणारसुद्धा नाही. — नाही नाही, थट्टा नाही करत. शास्त्राची थट्टा मी करेन? सोळा सोमवार केले, संकष्टी कधी मोडली नाही, तापातसुद्धा नाही, वडाला दर वर्षी दोरा गुंडाळला, आणि मागे बायका कुजबुजायच्या, हिला आता अधिकार आहे का म्हणून, तरी गुंडाळला. म्हणूनच तुम्हाला सरळ विचारते, तुम्ही शिकलेले आहात. शास्त्र काय म्हणतं? बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा लागत नाही, तो गेला असं धरावं आणि पुतळा करून त्याचं सगळं उरकावं. असंच ना? ठावठिकाणा लागत नाही — हे त्यातलं मुख्य. आणि लागला तर? — मी लागला असं म्हणाले का? मी नुसतं विचारतेय. बाईने विचारलेलं चालतं ना.

तुमचे वडील काय सांगायचे माहीत आहे? आमच्याकडे सत्यनारायण होता, आम्ही नुकतेच या हेंद्रेपाड्याच्या घरात आलो होतो, प्रसाद वाटून झाला आणि ते गप्पा मारत बसले. म्हणाले, असा विधी झाल्यावर माणूस जिवंत परत आला तर त्याला तसाच घरात घेता येत नाही, पुन्हा जन्माला घालावं लागतं — तुपाने न्हाऊ घालायचं, नाव ठेवायचं, आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. हे कोपऱ्यात बसले होते, दिवसभर तोंडातून शब्द नव्हता, तिथून म्हणाले, परत तीच का? काय हसलो आम्ही. त्यांचं असंच होतं, दिवसाला एक वाक्य, पण ते असं. तर गुरुजी, मला या वयात पुन्हा मुंडावळ्या बांधायच्या नाहीत. एकदा बांधल्या, पुरे.

भावजी वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर बोलण्याच्या ओघात भलतंच वाटेल तुम्हाला. त्यांच्या प्रज्वलचं लग्न ठरतं आणि मोडतं, ठरतं आणि मोडतं, कुणा ज्योतिष्याने सांगितलं की घरातला एक जीव अधांतरी लटकलाय, त्याला मोकळं करा, मग बघा. आता तरण्या पोराचं लग्न म्हटल्यावर कुठला बाप ऐकणार नाही? खरवईहून स्कूटर मारत आले, इथे, माझ्या पायाशी खाली बसले आणि ढसाढसा रडले, वहिनी, दादाला सुटू द्या. रडणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं? सोनियाने — जाऊ माझी — तिने तर साडीसुद्धा आणून ठेवलीय. राखाडी, बारीक काठाची. मायेनेच आणली, म्हणाली, ताई, हल्ली कोण पांढरं नेसतं, ही बरी दिसेल तुम्हाला. ती बघा कपाटावर, पिशवीतून काढलेली नाही अजून. चांगल्या मनाची माणसं आहेत, गुरुजी. चांगल्या मनाची माणसंच आपल्याला अलगद उचलतात आणि भलत्याच जागी नेऊन ठेवतात.

आणि जिज्ञासा, आमची लेक — ती कल्याणहून फोन करते, आई, संपव ना एकदाचं. तिचंही चूक नाही. शाळेत बापाच्या रकान्यात काय लिहायचं, लग्नात कन्यादानाला कोण बसायचं, सगळं सोसलंय तिने. बाप मेला तर रडता येतं, बाप नुसताच नाही, याला काय करायचं? ती म्हणते, आई, मला एकदा रडून मोकळं होऊ दे. हे ऐकलं ना, तेव्हा मी जवळजवळ हो म्हणणार होते. खरंच. जिभेवर आलं होतं.

गेले कसे ते तुम्हाला माहीत नसेल. बाहेर आम्ही सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलंय. मोरिवलीला कंपनीत फिटर होते. कंपनी बंद पडली आणि मग घरीच — तेव्हा भावजी आमच्यातच राहायचे, एकच चूल होती. हे सकाळी उठून अंघोळ करून, भांग पाडून बसायचे. जायचं कुठे नाही, पण भांग पाडलेला. घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त केली, कुकरचे दांडे, शेजारच्यांचे पंखे, दुरुस्त करायला काही उरलंच नाही. आणि एक दिवस जेवताना भावजी बोलून गेले. ताटावर सगळे होते. म्हणाले, बसून खाणाऱ्याचं ताट जड होतं रे दादा, उचलणाऱ्याला विचार. — बस, एवढंच. चिडून नाही, हसत हसत म्हणाले. हेही हसले. हात धुतले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, डबा भर. मी म्हटलं, कुठे? म्हणाले, शिफ्ट आहे. आणि मी वेडी, मला इतका आनंद झाला, मी विचारलंच नाही की कुठली शिफ्ट, कंपनीला तर कुलूप आहे. भेंडीची भाजी आणि चपात्या, वरच्या कप्प्यात चटणी. भावजींना ते वाक्य आठवत नाही. मी कधी आठवण करून दिली नाही. द्यायची पण नाहीये, तुम्हीही देऊ नका.

मग शोध. शिर्डी झालं, नाशिक झालं, सुरतेला कुणाला तरी दिसले म्हणून भावजी स्वतः सुरतेला जाऊन आले. पेपरात फोटो दिला, स्टेशनात चिकटवला. लांब लांब शोधलं हो सगळ्यांनी. लांबच शोधतो आपण. जवळ कोण बघतो? आमच्या मागच्या गॅलरीतून तो डोंगर दिसतो ना, इकडे या, दिसतोय का — त्या टॉवरच्या बाजूला, निळा निळा — त्या डोंगराकडे तोंड करून मी रोज कपडे वाळत घातले. रोज. चिमटा लावायचा आणि वर बघायचं, देवा, कुठे असतील रे. असं म्हणत म्हणत — जाऊ दे. बसा तुम्ही, चहा संपवा.

सर्वपित्रीला भावजींनी यांच्या नावाचं पान ठेवलं होतं गच्चीवर. मला न सांगता. कावळा शिवला नाही. सोसायटीतले झाडून सगळे कावळे येऊन कठड्यावर बसले, वडे टकाटका बघत, एकही पुढे होईना. सगळे म्हणाले, बघा, जीव अडकलाय, इच्छा राहिलीय. मी खाली होते, मला हे सोनियाने सांगितलं आणि मी काय केलं असेल? मी देवासमोर निरांजन लावलं. मला वाटलं, बाबांनो, तुम्हाला पंख आहेत, तुम्ही वरून सगळं बघता, जिवंत माणसाच्या पानाला तुम्ही कशाला शिवाल?

आता तुम्ही म्हणाल, हा भाबडेपणा झाला. म्हणा. सगळे म्हणतात. पण त्या भाबडेपणावरच मी ती राखाडी साडी कपाटावर आल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी डोंगर चढून गेले. — कशाला म्हणजे? गोंदून घ्यायला. थांबा, स्वेटरची बाही वर करते. ही बघा. ही फणी आहे, केसांची फणी, हे तिचे दाते, आणि बाजूला हे ठिपके. अजून पुरती सुकली नाहीये, खपली धरलीय. — नाही, उल्हासनगरच्या त्या मशीनवाल्याकडचं नाही, तिथे तर कॉलेजची पोरं वाघ-सिंह काढून घेतात. ही हाताने टोचलेली, सुया बांधून. मी काय अडाणी आहे? सुया नव्या नेल्या होत्या दुकानातून, आणि टोचणाऱ्या बनूबाईंनी त्या उकळत्या पाण्यातून काढल्या, जिज्ञासा डोकं खाईल म्हणून एवढी काळजी घेतली. अजून तिने बघितलेली नाही. भावजींनीही नाही. पहिले तुम्हीच.

आमच्याकडे चिमी येते ना, ठाकरवाडीची, टोपली घेऊन, पावसाळ्यात रानभाज्या, आता वालाच्या शेंगा. कित्येक दिवस येते, मी तिच्या हाताकडे कधी नीट बघितलं नव्हतं. तिच्या हातावर अशी फणी. मी म्हटलं, हे काय ग? म्हणाली, वयनी, ही धन्याची. आमच्या वाडीत बनू म्हातारी टोचते. दागिने हितंच ऱ्हातात, ही संगं येते. झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला. कुंकू पुसता येतं, बांगड्या वाढवता येतात, मंगळसूत्र काढून डब्यात ठेवता येतं, तुम्ही तुमच्या विधीत सगळं करणार, प्रेमाने करणार — पण ही कशी पुसणार? सांगा. तुमच्या पोथीत गोंदण पुसायचा मंत्र आहे? — नाही ना. मला माहीत होतं.

मग गेले. कोंडेश्वरच्या पुढे रिक्षावाला म्हणाला, आंटी, इसके आगे रोड नहीं है, पैर है. असा हसला मेला. तिथून पाय. चिमी पुढे, मी मागे, गुडघे माझे असे, एकेका दगडावर बसत. उपास होता, संकष्टीचा, पाणी तेवढं घेत होते. दांडाची वाडी म्हणतात, डोंगराच्या दांडावर थोडीशी घरं, सारवलेली अंगणं अशी की वाटावं आपण पाय ठेवू नये. आणि बनूबाई ओट्यावर, दिव्यावरची काजळी वाटीत खरवडत बसलेली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, काय टोचू? म्हटलं, फणी. तर हात थांबवला तिने. म्हणाली, धनी हाय का? ज्या बाईला धनी नाय तिला मी तुळस टोचीन, इंचू टोचीन, फणी नाय टोचायची. तो त्यांचा नियम. तुमच्यासारखाच, पोथीत नसेल, पण नियमच. आणि गुरुजी, बारा वर्षं मला सगळ्यांनी विचारलं होतं, काही कळलं का, काही पत्ता लागला का. असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. आहे का? मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मग नाव घे त्याचं, न्हाईतर सुई लागू व्हत नाय. आता आमच्यात नाव कुठे घेतो आपण, उखाण्यातच. उखाणे सगळे विसरले मी. नुसतंच म्हटलं, महिपती. उघडंबोडकं. असं वाटलं की कुणाला तरी मोठ्याने हाक मारली.

बरं आहे का म्हणता? कोण? — गोंदण होय. मला वाटलं — हो, बरं दिसतं. दुखलं फारसं नाही. पहिले ठिपके लागतात, मग हात बधिर होतो. ती गाणं म्हणत होती टोचताना, तिच्या भाषेत, मला अर्धं कळलं, आणि मागे ते इंजिन चालू, टुक-टुक-टुक, गिरणीचं, डिझेलवर चालते तिथे गिरण, पूर्वी नव्हती म्हणे, बायका दळण डोक्यावर घेऊन खाली उतरायच्या. मोडकी गिरण कुणीतरी टाकून दिली होती, ती उचलून यांनी चालू केली. आता केस पांढरे झालेत, चष्मा पण दोऱ्याने बांधलेला, तरी एकटेच पट्टा चढवतात, हात अजून तसाच —

काय म्हणाले मी?

यांनी म्हटलं का? सवय आहे हो. बाईला सगळ्या पुरुषांना "हे" म्हणायची सवय लागते. गिरणवाल्याने, गिरणवाल्याने म्हणायचं होतं मला. — असं बघू नका. तुम्ही वयाने लहान आहात मला. कप ठेवा खाली, सांडेल.

तुमचं पोट मोठं आहे का, गुरुजी? अन्नाचं नाही म्हणत. तुमच्या वडिलांचं होतं. त्यांच्या पोटात गावंच्या गावं होती.

मी गोंदायलाच गेले होते, हे खोटं नाही. देवीसमोर बसलेय, खोटं बोलणार नाही. पण अर्धं सांगितलं. त्या दिवशी चिमीच्या हातावरची फणी बघितली ती टोपली उतरवून घेताना, आणि टोपलीची कड तांब्याच्या तारेने बांधलेली होती. तीन वेढे, शेजारी शेजारी, एकावर एक न चढू देता, आणि तारेचं टोक मागे वळवून वेढ्याखाली दडपलेलं. कुणी दडपत नाही हो टोक. लोक पिरगळतात आणि तोडतात. जिज्ञासा रांगत होती तेव्हा बादलीच्या दांड्याच्या तारेने तिचं बोट चिरलं होतं, तेव्हापासून यांनी कधी टोक बाहेर ठेवलं नाही. माझ्या घरात जा आत, बघा — किसणीला, पंख्याला, देवघराच्या दाराला. बारा वर्षं मी त्या टोकांवरून बोट फिरवलंय. त्या टोपलीवरून फिरवलं आणि काही टोचलं नाही. मी चिमीला म्हटलं, टोपली छान बांधलीय ग, कुणी? म्हणाली, आमचा गिरणवाला. कधीचा आहे तुमच्याकडे? म्हणाली, माझं लगीन व्हायच्या आधीपास्नं. पोलिसात नाही गेले, भावजींना नाही सांगितलं, जिज्ञासाला नाही. म्हटलं, मी नुसती जाऊन फणी टोचून घेईन. ते असतील तर असतील. नसतील तरी फणी माझीच आहे, ती मी आणणारच.

तर बनूबाईंनी नाव ऐकलं आणि सुई टोचता टोचता, मान वर न करता मला म्हणाली — आमच्या गिरणवाल्याला वाडीने किती येळा सांगितलं, बाय कर, आमच्यातली कर, एकला किती ऱ्हाशील. तो म्हनतो, माजी हाय, खाली. तूच का ती?

मी नुसती मान हलवली, आणि ते इंजिन टुक-टुक चाललेलं. त्यांच्यात रीत अशी आहे की फणी टोचून झाली की पहिलं तेल-हळद धन्याच्या हाताचं लावायचं, म्हणजे सूज उतरते. चिमीला तिने पाठवलं. मी पदर सारखा केला, मग केस सारखे केले, मग म्हटलं, आता काय सारखं करायचंय. आणि गिरण थांबली. इतकी शांतता झाली, गुरुजी, की वाडीतल्या कोंबड्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. मी वर बघितलंच नाही. आधी पाय दिसले, पिठाने पांढरे. मग सगळेच पांढरे, केस पिठाने पांढरे की वयाने, ते जवळ बसल्यावर कळलं. वाटीतली हळद घेतली, माझा हात मांडीवर घेतला, आणि लावत बसले. एक एक ठिपका. बारा वर्षं मी काय काय ठरवून ठेवलं होतं विचारायचं, रात्री पाठ करून ठेवलं होतं. त्यांनीच विचारलं, दुखतंय? मी म्हटलं, नाही. शेवटच्या ठिपक्याला हळद लावली. मग म्हणाले —

"संजी, आता बसून खात नाही मी."

एवढंच. मग कुणीतरी दळण घेऊन आलं, तिकडून हाक मारली, ते उठले. जाताना चिंतामणी कसा आहे विचारलं नाही, जिज्ञासाचं विचारलं, लग्न झालं का. मी म्हटलं, झालं, जावई चांगला आहे. तेव्हा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा दोऱ्याने बांधला. आणि गिरण सुरू झाली. बनूबाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, म्हणाली, खा बाय, घेरी येईल. मी खाल्ला. तोंडात विरघळला तेव्हा लक्षात आलं, अग बाई, संकष्टी आणि नवस, दोन्ही. — मोडला का हो? हे घरी येईपर्यंत, असं बोलले होते मी. आता घर कशाला म्हणायचं ते देवीने ठरवावं. मी तिला सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहात साखर टाकली. तिने काही हरकत घेतलेली दिसत नाही.

घरी चला असं मी का नाही म्हणाले? तुम्ही विचारत नाही, पण तुमच्या डोळ्यांत आहे. मी म्हणाले असते तर हे आलेही असते कदाचित, मान खाली घालून, आणि पुन्हा भांग पाडून बसले असते त्या खुर्चीत, जिथे तुम्ही बसलाय. मला नको तसे. जिज्ञासाला सांगितलं तर ती उद्या धावत वर जाईल, बापावर ओरडेल, आणि तिला हक्क आहे ओरडायचा, पण हे आणखी दोन डोंगर मागे जातील. भावजींना सांगितलं तर ते गाडी घेऊन जातील, पाया पडतील, उचलून आणतील. आणि ते वाक्य? ते कोण उचलेल? त्याला वेळ द्यायला हवा. मी दिलाय इतका, अजून थोडा देईन. घाई तुमच्या अमावास्येला आहे, मला नाही.

राग नाही का आला? आला. उतरताना आला. गुडघे दुखत होते आणि प्रत्येक दगडाला मी एक एक शिवी दिली, देव माफ करो, कोंडेश्वराच्या पायरीवर बसून त्याचीही माफी मागितली. इतक्या जवळ, माझ्या कपड्यांच्या दोरीसमोर. मी इथे लोकांच्या नजरा झेलते आणि हा माणूस तिकडे जगाची दळणं दळतो. आला राग. अजून आहे. राग आणि कुंकू एकाच कपाळावर राहतात, तुम्हाला लग्न झाल्यावर कळेल. पण रागावलेली आहे म्हणून विधवा नाही ना मी. तेवढा फरक राहू दे.

त्यानंतरच्या गुरुवारी चिमी आली. टोपलीत वालाच्या शेंगा, आणि शेंगांच्या खाली डबा. तोच, दोन कप्प्यांचा, खालच्या कप्प्याला पोचा पडलेला. घासून लख्ख केलेला, कडीला नवी तार, टोक दडपलेलं. रिकामा. आत चिठ्ठी नाही, काही नाही. चिमी म्हणाली, गिरणवाल्याने दिलाय, काय बोलला नाय. रिकामा डबा माणूस कशाला पाठवतो, गुरुजी? मी काय नवी नवरी आहे का, की मला कळणार नाही? भेंडी तेव्हा मिळाली नाही, वांगी होती. तीन चपात्या, आणि वरच्या कप्प्यात चटणी. दुसऱ्या गुरुवारी डबा परत आला, पुन्हा घासलेला, पुन्हा रिकामा. गेल्या खेपेला त्यात नाचणीचं पीठ होतं, थोडंसं, पुरचुंडीत. स्वतः दळलेलं. त्याच्या भाकऱ्या आज केल्यात मी लक्ष्मीच्या नैवेद्याला. कुणी विचारलं नाही पीठ कुठलं.

तर आता सांगा. मेलेल्या माणसाचं गच्चीवर पान ठेवतात. जिवंताचा डबा भरतात. मी दोन्ही कशी करू?

— तुम्ही काही बोलू नका, बोलायला लावणार नाही मी तुम्हाला. भावजींना इतकंच सांगा, अमावास्या रद्द. विचारतील का, तर सांगा, वहिनीच्या हातावर फणी आहे, आणि फणी असलेल्या बाईचा पुतळा-बितळा काही होत नाही, शास्त्रात बसत नाही. बसवा कुठेतरी, तुम्हाला जमेल. प्रज्वलचं लग्न अडणार नाही म्हणावं, मीच घाणा भरायला उभी राहीन पहिली सवाष्ण म्हणून, हिरव्या साडीत. सोनियाला सांगा, राखाडी साडी छान आहे, तिला स्वतःला शोभेल. आणि डोंगरावरचं जे काही ऐकलंत ते इथेच, या कलशासमोर ठेवून जा. तुम्ही माझ्याकडे चहा प्यायलात, बाकी काही झालं नाही.

नमस्कार करते. तुमच्या चपला बाजूला सरकवल्यात मी, उन्हात नकोत म्हणून. उठा आता, वाजले किती बघा, भाजी अजून फोडणीला टाकायचीय, भेंडी मिळालीय आज — ती बघा, हाक आली. ये ग चिमे, वर ये, डबा आण इकडे. हे गुरुजी निघालेच आहेत.